टकटक

अंधांसाठी बोलकी पुस्तकं करताना कुंदाताई वाचायच्या आणि मृदुला समोर बसून ऐकायची. ताई चुकल्या की ती टेबलावर बोटानं टकटक करायची. "हो गं बाई," म्हणत ताई ते वाक्य पुन्हा घ्यायच्या.

शेवटच्या आजारपणात ताईंनी घरी एकट्यानंच कितीतरी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून ठेवली. त्या गेल्यावर ती न ऐकलेली रास तपासायला मृदुलाकडे आली.

पहिल्याच दुपारी ताई एका वाक्यात अडखळल्या आणि हेडफोन लावून बसलेल्या मृदुलाचं बोट सवयीनं टेबलावर वाजलं.

कानातला आवाज थबकला. "हो गं बाई." वाक्य पुन्हा वाचलं गेलं, अगदी बिनचूक.

पुढच्या चुकीला मृदुलानं हात मांडीवरच दाबून धरला. चूक तशीच पुढे गेली.

सांगणार तरी कोणाला? ती रोज हेडफोन लावून बसू लागली, ताईंच्या चुकांची वाट बघत.

शेवटच्या पुस्तकात मात्र ताई एकदाही चुकल्या नाहीत. "समाप्त," त्या म्हणाल्या.

मृदुलानं डोळे गच्च मिटले आणि टकटक केली.

कानात बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला.

"आता यात काय चुकलं गं?"