सात तासांची वाट

“मायले सांगजो, जोरहाट दूर नाई. सकाळी विमानात बसलो का दिवस बुडायच्या आत नागपूर. मी येतवरी तिले जपजो.”

नवऱ्याचे, देवाजीचे हे शब्द रंभाच्या कानात होते आणि हातात सासूसाठी पेजेची वाटी. गुणाबाई खाटेवर उठून बसली होती. डोळे गेलेले, अंगात नुसती हाडं उरलेली, पण कान तिखट.

“कुठवर आला आपला देवाजी?” तिने रोजच्यासारखं विचारलं.

देवाजी आसामात, जोरहाटच्या विमानतळावर सामान चढवायच्या कामाला होता. हजार मैल दूर. गावच्या मास्तरांनी नकाशावर बोट फिरवून सांगितलं होतं, कलकत्त्याचा थांबा सोडला तर उडायचे तास सातच. गुणाबाई हसली होती. तेवढ्यात आमचे बैल ब्रह्मपुरीचा बाजारही गाठत नाहीत, म्हणाली होती.

तो सुट्टीवर निघाल्याची तार आली, तेव्हा त्याला आणायला ब्रह्मपुरीचे कापडवाले गुलाम रसूल नागपूरला गेले. मालासाठी त्यांना जायचंच होतं. परतले ते एकटेच. देवाजीचं विमान आसामच्याच डोंगरात पडलं होतं, कोणी वाचलं नव्हतं. त्यांनी रंभाला आवाराबाहेर बोलावून सांगितलं. तिने तोंडात पदर कोंबला आणि त्यांना हात जोडले. कुणाला सांगू नका, म्हातारीचा जीव जाईल.

तेव्हापासून रंभा देवाजीला घरी आणत होती. आधी धुक्यामुळे विमान निघालंच नाही. मग कलकत्त्याला त्याचा पंखा बिघडला. मग नागपूर आलं, नागभीडची छोटी गाडी आली, ब्रह्मपुरी आली. सात तासांची वाट तिने ओढून ओढून इतकी लांबवली की धान कापून शेतातल्या बांध्या रिकाम्या झाल्या. तुळशीपुढे दिवा लावताना ती रोज आधी खोट्याची माफी मागायची, आणि मग आत येऊन त्याच तोंडाने खोटं बोलायची. आता वाटच उरली नव्हती. मध्ये फक्त वैनगंगा होती.

“नदीवर पोचले, माय. डोंग्याची वाट पाहून राह्यले.”

गुणाबाईने पेजेला तोंड लावलं नाही. पेज निवून गेली.

“डोंग्यात नको बसवू त्याले,” ती म्हणाली. “उद्या दहावा आहे त्याचा. घाटावरच पाणी देऊन ये.”

रंभाने वाटी खाली ठेवली. कोण बोललं, तिने विचारलं. कोणीच नाही, म्हातारी म्हणाली. रसूलभाऊ त्या दिवशी आवारापर्यंत येऊन पाणी न पिताच गेला. इतक्या वर्षांत कधी असा गेला नव्हता. सुतकाच्या घरी पाणी पीत नाहीत, हे आपल्यात राहून त्यालाही ठाऊक झालंय.

“मंग रोज काऊन इचारत होत्या?”

“मी इचारीन तवरी तो वाटेवर होता, पोरी. तवरी तुह्या बांगड्या फोडाले कोणी येत नव्हतं.”

मग तिने चाचपडत रंभाचं मनगट धरलं आणि वचन घेतलं. पाणी द्यायचं, पण बांगड्या उतरवायच्या नाहीत. बायका बोलतील, तर सासूने सांगितलं म्हणायचं.

सकाळी रंभाने पदरात तांदूळ बांधले, तांब्या घेतला आणि वैनगंगेची वाट धरली. विहिरीवर बायका पाणी भरत होत्या. त्या बघत राहिल्या. तिने हात पदराखाली घेतले नाहीत.