दाजीच्या घराचा तिसरा वासा

साठ सालच्या वादळातून चंद्रावतीच्या नवऱ्याचा, बाबलीचा, होडीतला भागीदार दाजी एकटाच परतला आणि तिचे पाय धरून रडला, "वयनी, बाबली गेलो, होडी गेली. डोलकाठीसुदा वर इली नाय."

दोन वर्षांनी त्याने तोंडवलीत नवं घर बांधलं आणि तिला जेवायला बोलावलं. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, हे ती जाणून होती. तरी पहिल्या घासालाच तिची नजर वर गेली आणि तिसऱ्या वाशावर थांबली. त्यावर सात खाचा होत्या. लग्न झाल्यापासून सात वर्षं बाबली दर नारळी पुनवेला डोलकाठीवर एक खाच पाडायचा.

"भात वाढू, वयनी?"

तिने ताटावर हात आडवा धरला.


"डोलकाठी तर घराक पोचली, भावजी. आता माझ्या घोवाक खंय ठेवलात, ता सांगा."