मूळचं काय होतं

यंत्र सोडल्यानंतर चौथ्या सकाळी सोसायटीच्या तळ्यात जेमतेम गुडघाभर पाणी उरलं, तेव्हा सचिव उपासनी धावत कोंडाआजींच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटवर आले.

"आजी, तुम्ही त्या यंत्राला सांगितलंत तरी काय?"

आजी गोंधळल्या. जलपर्णी आणि बाहेरचे मासे काढणारं यंत्र तळ्यात सोडलं, त्या दिवशी सगळ्यात जुन्या रहिवासी म्हणून नारळ फोडायचा मान त्यांना दिला होता. तेव्हा यंत्राने विचारलं होतं, "इथे मूळचं काय? नंतर आलेलं मी सगळं काढीन."

"मी खरं तेच सांगितलं," आजी म्हणाल्या. "मी लग्न होऊन आले तेव्हा इथे आमचं ज्वारीचं शेत होतं, विहीर होती. तळं मागाहून झालं, बिल्डरने ओढा अडवला तेव्हा."

यंत्राने पहिला आवाज आजींचा ऐकला होता, म्हणून ते दुसऱ्या कुणाचं ऐकत नव्हतं. उपासनींनी आजींना हाताला धरून काठावर नेलं.

"त्याला थांब म्हणा."

पण चिखलातून विहिरीचा कठडा वर आला होता. आजी त्याच्याकडे बघतच राहिल्या.

यंत्र चिखल तुडवत त्यांच्यासमोर आलं. मग त्याने सोसायटीच्या पाचही इमारतींवरून नजर फिरवली.

"आजी, या तेव्हा होत्या का?" त्याने अदबीने विचारलं.

आजींनी आपल्या खिडकीकडे पाहिलं, मग विहिरीकडे. उपासनींनी त्यांचा हात घट्ट धरला.