नऊ वर्षांची शाल

रमजानचाचांनी पिशवीत शाल आणि नारळ ठेवला आणि खिशात निवेदन. निवेदनावर बेचाळीस सह्या होत्या. आज इंदापूरला मॅच हरली, की उद्या सकाळी कागद प्राचार्यांच्या टेबलावर: नवे कोच रविराज यांना पुढच्या वर्षी ठेवू नये.

शाल मात्र नऊ वर्षांची होती. बारामतीच्या कॉलेजच्या मुलींनी बास्केटबॉलमध्ये इंदापूरला हरवलं, की कोचचा मैदानावरच सत्कार करायचा, असं चाचांनी ठरवून ठेवलं होतं. दरवर्षी शाल इंदापूरला जायची आणि घडी न मोडता परत यायची. एमआयडीसीच्या रस्त्यावर चाचांचं मोटारसायकलची सीट कव्हरं शिवायचं दुकान. गिऱ्हाईक गाडीवरून उतरायच्या आत त्याला संघाची हकिकत ऐकावी लागे.

यंदा आशा फार होती, म्हणून रागही फार होता. रविराज सर आधी सहा वर्षं इंदापूरच्याच संघाचे कोच होते. ‘‘तिकडची सगळी गुपितं घिऊन आलाय,’’ म्हणत जूनमध्ये चाचांनीच पेढे वाटले होते. पण हा माणूस मॅचला तोंडच उघडेना. बाकावर हाताची घडी घालून बसायचा. ओरडणं नाही, बोट दाखवणं नाही.

‘‘कोच हाय का पाव्हणा?’’ वाटेत गाडी चालवता चालवता सोहेल म्हणाला. तो चाचांच्या शेजारचा, मॅचसाठी डेअरीतली पाळी बदलून आलेला. ‘‘मला तर वाटतं, त्याचं मन अजून तिकडंच हाय.’’

‘‘आज कळंल,’’ चाचा खिसा चाचपत म्हणाले.

इंदापूरचं मैदान भरून गेलं होतं. हलगी वाजत होती. त्या गोंगाटातही एक आवाज वेगळा ऐकू येत होता.

‘‘गरमऽ शेंगाऽ! फुटाणंऽ!’’

ती कऱ्हाटीची गोजरबाई. यंदा प्रत्येक मॅचला टोपली घेऊन हजर. जन्म मेंढरांमागं गेलेला. मेंढरं गेली, आवाज राहिला.

मॅच सुरू झाली. इंदापूरच्या मुली सारख्या रविराज सरांकडं बघत होत्या. सहा वर्षांत त्यांना सरांची भुवई हलली तरी अर्थ कळायचा. आज भुवईही हलली नाही.

पण मुली खेळल्या! अशा खेळल्या, की चाचांना आपलं वय आठवेना. मध्यंतराला बारामती सहा गुणांनी पुढं. चाचांना फक्त गोजरबाईचा वैताग आला होता. नेमका पेच पडला, की ही बाई रेषेजवळ जाऊन ओरडायची.

‘‘मावशी, पोरींचं ध्यान उडतंय,’’ चाचांनी तिला अडवलं. ‘‘जरा गप बसा की.’’

‘‘माल हाय तवर वरडाय लागतंय, चाचा.’’

‘‘मग समदाच माल द्या मला.’’

ती घुटमळली. पण सगळा माल घेणाऱ्याला नाही तरी कसं म्हणायचं? चाचांनी शेंगा आणि फुटाणे पिशवीत ओतून घेतले. गोजरबाई रिकामी टोपली घेऊन एका कडेला जाऊन बसली.

आता मुलींचं लक्ष उडायला काही कारण नव्हतं. तरी तिसऱ्या डावात सगळं बिघडलं. पास कुणाला द्यायचा, तेच कुणाला कळेना. कॅप्टन नसरीन भर मैदानात चेंडू धरून नुसती उभी राहिली. बघता बघता बारामती आठ गुणांनी मागं पडली. रविराज सरांनी रुमाल काढून कपाळ पुसलं.

‘‘ओ सर, कायतरी बोला की!’’ चाचा ओरडले.

‘‘चाचा, निवेदन काढाच,’’ सोहेल म्हणाला.

तेवढ्यात गोजरबाई पायऱ्या चढून धापा टाकत वर आली.

‘‘चाचा, माझा माल परत द्या.’’

‘‘इकलेला माल परत?’’

‘‘द्या म्हंते न्हवं! ह्ये घ्या तुमचं पैसं.’’

तिनं पिशवीत हात घालून ओंजळी ओंजळीनं टोपली भरली. शालीला फुटाण्यांची सालं चिकटली. चाचांचा संताप संताप झाला. ‘‘ही बाई हरवणार आपल्याला!’’

ती पुन्हा रेषेजवळ गेली आणि पुन्हा तेच सुरू झालं. शेंगाऽ. फुटाणंऽ. मुलींनी एकेक गुण ओढून आणला. शेवटची वीस सेकंदं उरली तेव्हा बारामती फक्त एका गुणानं मागं होती. चेंडू नसरीनकडं.

‘‘फुटाणंऽ! फुटाणंऽ!’’

चाचांनी कानात बोटं घातली. नसरीन उजवीकडं झुकली, गर्रकन डावीकडं वळली आणि उडाली. चेंडू जाळीतून खाली पडला. शिट्टी वाजली.

चाचा रडले, सर्वांसमोर रडले. निवेदनाचे तुकडे करून त्यांनी हवेत उधळले. मग शाल झटकत ते मैदानात धावले आणि रविराज सरांच्या खांद्यावर घालून म्हणाले, ‘‘सर, आमी तुमाला ओळखलं न्हाय. माफ करा.’’

रविराज सरांनी शाल उतरवली. ‘‘आई, ये हिकडं,’’ म्हणत त्यांनी ती गोजरबाईच्या खांद्यावर घातली.

नसरीन धापा टाकत मध्येच आली. ‘‘आजी, शेवटाला फुटाणं कसं? सरांनी तर शेंगा, उजवी बाजू ठरवली हुती.’’

‘‘त्यांची डावीकडली पोरगी लंगडत हुती. ह्येला कुठं दिसतंय!’’

रविराज सर हसले. यंदा पहिल्यांदाच हसले. नारळ हातात धरून चाचा जागीच उभे होते.

‘‘चाचा, येकच इनंती हाय,’’ सर म्हणाले. ‘‘फुडच्या मॅचला आमच्या कोचकडनं शेंगा इकत घिऊ नका.’’