मितवल्लीच्या घरची कॉफी

तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत उस्ताद बह्गतचा श्वास लोहाराच्या भात्यासारखा चालू लागला. मागून तपासनीस मॅडम इन्शिराह आल्या. त्यांचा आवाज मात्र ठणठणीत.

"माणूस मेला म्हणून सरकारचे पैसे मरत नाहीत, उस्ताद."

"मागे काही ठेवलं नसेल तर मरतात, मॅडम. नियमच आहे तसा."

"नियम मला शिकवू नका. आधी घर बघू द्या."

सगळा घोळ झाडूंचा. नगर कार्यालयाला झाडू पुरवणाऱ्या मितवल्लीला एकाच बिलाचे पैसे दोनदा गेले होते. दोन्ही वेळा सही तिथल्या हिशेबनिसाची, म्हणजे बह्गतची. पुढच्या बिलातून कापून घ्यावेत, तर पठ्ठ्यानं झाडूंचा धंदाच बंद केला. सहा वर्षं बह्गत हा जिना झिजवत होता. मितवल्ली दर खेपेला म्हणायचा, "इन्शाल्ला, पुढच्या गुरुवारी!" गुरुवार काही संपले नाहीत, नोकरी मात्र संपत आली. येत्या रविवारी बह्गत निवृत्त होणार होता. वसुली राहिली तर ती त्याच्याच निवृत्तीच्या पैशांतून कापणार, आणि धाकटीचं लग्न तिसऱ्यांदा पुढे जाणार.

दार उघडंच होतं. टेपवर कुराणपठण चालू होतं. मितवल्लीची बायको उम्म सफवत काळ्या कपड्यांत, भिंतीला टेकून बसली होती.

"अल्ला तुम्हाला धीर देवो," मॅडम म्हणाल्या. "कधी गेले?"

"सोमवारी. 'अजून अर्धी भाकरी दे' म्हणाले आणि मान टाकली. भाकरी हातातच राहिली माझ्या."

"मागे काय ठेवलं?"

"मला ठेवलं." उम्म सफवतनं नाक पुसलं. "आणि गच्चीवर चाळीस झाडू. नेता का?"

मॅडमनी मृत्यूचा दाखला उजेडाकडे धरला, त्यावरचा सरकारी गरुडाचा शिक्का नखानं खरवडून पाहिला. कपाट उघडून पाहिलं, गादीखाली हात घातला. सोनं नाही, जमीन नाही. बह्गत खुर्चीत पेंगुळल्यासारखा बसून होता. त्याला आता काहीच बघायचं नव्हतं.

उम्म सफवत आतून कॉफी घेऊन आली. "दुखवट्याची आहे, कडूच असणार. या दिवसांत साखर कशी घालायची?"

बह्गतनं एक घोट घेतला. मॅडमनी कप उचलला, तोंडाशी नेला, तोच बह्गतचा कोपर त्यांच्या हाताला लागला. सगळी कॉफी झग्यावर.

"अहो, डोळे फुटले का?"

"माफ करा, मॅडम. म्हातारा झालो."

"म्हणूनच सरकार घरी पाठवतंय तुम्हाला!"

उम्म सफवत दुसरा कप आणायला उठली. "नको, पुरे झालं!" म्हणत मॅडमनी रागारागानं झगा पुसला आणि फाइलवर लिहिलं: 'देणेकरी मयत. मालमत्ता नाही. प्रकरण बंद.' खाली लफ्फेदार सही ठोकली. "येताय का?"

"तुम्ही व्हा पुढे. जरा सांत्वन करतो. सहा वर्षांची ओळख आहे."

मॅडमच्या चपला जिना उतरत गेल्या. खाली टॅक्सीचं दार आपटलं. बह्गतनं डोळे मिटून घेतले. उम्म सफवतनं टेप बंद केला.

स्वयंपाकघराचा पडदा सरकला आणि त्यातून मितवल्लीनं डोकं बाहेर काढलं. "काय रे बह्गत, तुला गोड लागते म्हणून चांगले चार चमचे साखर घातली भांड्यात. बरोबर पडली ना?"