शेवटची यादी

मुलीला मॅट्रिकला बहात्तर टक्के पडले म्हणून देवरावांनी इतवारीतल्या आपल्या गल्लीभर पेढे वाटले. पडले होते अठ्ठेचाळीस. कॉलेजच्या फळ्यावर लागलेल्या प्रवेशाच्या शेवटच्या यादीत प्रेमिलाचं नाव लागलं खरं, पण नावापुढे टक्केही लिहिले होते. देवराव फळ्याला पाठ लावून नेमकं ते नाव झाकून उभे राहिले. बाजूला त्यांच्याच गल्लीतला ओमप्रकाश आधीपासून फळ्याला टेकून होता. त्यानं मुलाच्या पंचाहत्तर टक्क्यांचे पेढे वाटले होते.

"इथं काहून उभा राह्यला गा?" देवरावांनी विचारलं.

"कंबर धरली. अन् तू?"

"पाय दुखून राह्यले."

पाच वाजता शिपाई आला. "सरका, यादी काढाची आहे."

"पह्यले याले हटव!" दोघंही एकदम म्हणाले.