पूर्णिमाशिवाय तालीम

पूर्णिमानं मोबाईल टेबलावर ठेवला आणि खुर्ची मागं सरकवली.

"आता तासभर तुम्ही इथं नाहीच असं धरायचं," पुण्याहून आलेल्या राजनंदिनी मॅडम म्हणाल्या. "बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. फोन वाजला तरी हात लावायचा नाही."

"नाही लावणार," पूर्णिमा म्हणाली.

तालीम होती संकटाची. कोल्हापूरचा सर्व्हर पुरात बुडाला असं समजून तो बंद करायचा आणि तासाभरात जिल्ह्यातले सगळे दाखले नागपूरच्या राखीव सर्व्हरवरून सुरू करून दाखवायचे. दोन्ही सर्व्हर एकाच पुरात सापडू नयेत म्हणून नागपूर तिनंच निवडलं होतं. संकटात नेमकं जाणतं माणूसच जागेवर नसलं तर काय, हा प्रश्नही योजनेत तिनंच घातला होता. सरकारी कचेरीत असले प्रश्न सहसा कुणी स्वतःहून अंगावर घेत नाही. पूर्णिमा घेत असे, आणि वर खूशही होत असे.

आज खूश असायला आणखी एक कारण होतं. साऱ्या जिल्ह्यांसाठी अशा योजना आखणारं नवं पथक राजनंदिनी मॅडम पुण्यात उभं करत होत्या, आणि पूर्णिमाला तिथं जायचं होतं. कचेरीचे प्रमुख उदयसिंह साहेब मात्र तिला सोडायला तयार नव्हते.

"तू गेलीस तर हे ऑफिस बसतंय बघ," ते म्हणायचे. शेवटी फारच पाठ धरल्यावर त्यांनी अट घातली होती. "एकदा तुझ्याबिगर चालवून दाखव. त्याच दिवशी सही करतो. पुण्याला एक माणूस द्यायचाच हाय, दिला."

म्हणून ती आज गप्प बसायला आली होती, आणि गप्प बसणं तिला कधीच जमलं नव्हतं.

तिच्या खुर्चीत शांभवी बसली. सीमेकडच्या गावातली, दोन वर्षांपूर्वी भरती झालेली. पूर्णिमानं तिला हाताला धरून शिकवलं होतं. कोपऱ्यात कचेरीतला शिवकुमार सर्व्हरच्या स्विचपाशी उभा होता, आणि दाराशी उदयसिंह साहेब बसले होते.

"बंद कर," शांभवी म्हणाली.

भिंतीवरच्या पडद्यावरची गावं एकेक करून लाल झाली. मुरगूड, हुपरी, हातकणंगले. फोन खणखणू लागले. शांभवीनं एक उचलला, दोन शिवकुमारकडं ढकलले आणि नागपूरचं पान उघडलं. सगळं ठरल्याप्रमाणं चाललं होतं. पूर्णिमाला जागच्या जागी नाचावंसं वाटत होतं.

तेवढ्यात तिचा मोबाईल टेबलावर थरथरला.

नागपूरचं कुलूप ओटीपी घातल्यावरच उघडणार होतं, आणि तो ओटीपी तिच्याच नंबरवर आला होता. पूर, आग, वीज, केबल कुरतडणारे उंदीर, सगळ्यांचा विचार करून झाला होता. स्वतःचा मोबाईल तेवढा डोक्यातून निसटला होता. तिनं हात मांडीखाली दाबून धरले.

"ओटीपी मॅडमच्या नंबरवर गेलाय," शांभवी म्हणाली.

"मग माग की. समोर तर बसल्यात," शिवकुमार म्हणाला.

"त्या न्हाईत आज." शांभवी उठली आणि थेट उदयसिंह साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. "साहेब, नागपूरला फोन लावा. ऑफिसप्रमुख म्हणून नंबर बदलून मागा. तुमचा द्या."

"माझा? माझा डबडा फोन हाय, बटणांचा."

"मेसेज येतो न्हवं त्याच्यावर?"

"येतो की."

"मग झालं."

राजनंदिनी मॅडम खुर्चीत पुढं सरकल्या. साहेबांनी नागपूरला फोन लावला, आपलं नाव, हुद्दा सांगितला, दोनदा ओरडले, एकदा विनवलं. नागपूरकरांनी खात्री करून घेतली. बराच वेळ गेला. मग डबडा फोन वाजला आणि साहेब चष्मा शोधू लागले. शेवटी शिवकुमारनंच तो त्यांच्या कपाळावरून खाली ओढला. साहेबांनी एकेक आकडा मोठ्यानं वाचला. शांभवी तो कानडीत पुटपुटत टाईप करत गेली.

मुरगूड हिरवं झालं. मग हातकणंगले. हुपरी अडून बसली होती. सगळ्यांचे डोळे तिकडंच लागले होते, आणि तेवढ्यात हुपरीच्या केंद्रावरून गुंडूचा फोन आला.

"निघाला बगा दाखला. पावणं घेऊन गेलं बी."

तास संपायला अजून अवकाश होता. पूर्णिमानं धावत जाऊन शांभवीला मिठीच मारली. "पोरी, जिंकलंस," ती म्हणाली. चूक तिची होती हे खरं, पण कचेरी तिच्याशिवाय चालली होती, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालली होती.

राजनंदिनी मॅडम साहेबांना घेऊन केबिनमध्ये गेल्या. शांभवी गावाकडं फोन करायला बाहेर पडली. पूर्णिमानं थोरल्या बहिणीला फोन लावला. "आक्का, झालं. पुण्यात खोली बघायला सांग भावजींना."

साहेब बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा जरा पडलेला होता.

"केली सही," ते म्हणाले. "शब्द दिलेला. एक माणूस दिलं पुण्याला. पण जिवावर आलं बघ, एवढं गुणाचं माणूस सोडायचं म्हंजे."

पूर्णिमाला त्या क्षणी साहेबांबद्दल मायाच वाटली. "काळजी करू नका साहेब. मागं सगळं सांभाळणारं माणूस आहे तुमच्याकडं."

"राजनंदिनी मॅडम बी त्येच म्हणाल्या," उदयसिंह साहेब जरा सावरले. "म्हणाल्या, शांभवीला बिनघोर सोडा, मागं पूर्णिमा हाय की."